खुंटीवरची नदी

फाटकवाले : खुंटी? कुठली खुंटी?

मॅडम : तुमच्या केबिनमधली, काका. दाराच्या मागे, भिंतीला आहे ती.

फाटकवाले : अगं, ऐकलंस का? मला घरी बसवून महिना झाला. एवढ्या दिवसांत ऑफिसातून पहिल्यांदा कोणी दारात आलं, आणि विचारतात काय, तर खुंटी!

बायको : मग सांगा ना सरळ. उद्या चौकशीला उभं राहायचंय. आजपासून तरी विचारलं तेवढंच सांगायची सवय करा.

फाटकवाले : सांगतो की. एकच खुंटी आहे. तिच्यावर माझा कोट असायचा. सरकारी कोट. थंडीत बरा, उन्हात जीव खातो. आलो की आधी तो काढून टांगायचा, मग बाकीचं.

मॅडम : आलो की म्हणजे किती वाजता?

फाटकवाले : सातला. सकाळी सातला फाटक उघडायचं, संध्याकाळी सातला कुलूप घालायचं. रात्री तो रस्ताच बंद असतो. एकतीस वर्षं झाली. घड्याळ मला बघून लावून घ्यावं लोकांनी.

बायको : लोकांनी तुम्हाला बघून काय काय केलं ते दिसतंच आहे.

मॅडम : आणि दिवसभर कोट खुंटीवरच?

फाटकवाले : छे. पुलावर जाताना घालायचा. आमचं फाटक वरच्या वळणावर आहे बघा. पूल खाली, उताराच्या तळाशी, आणि मधे दाट झाडी. फाटकावर उभं राहून पाणी दिसत नाही. म्हणून तीन तासांनी एकदा खाली उतरून बघून यायचं. आणि खाली जाताना कोट अंगावर पाहिजे, असा नियम आहे.

बायको : कागदावर लिहून आलं तर आंघोळीलासुद्धा कोट घालून जातील.

मॅडम : काका, खुंटीच्या वर हातभर अंतरावर एक करड्या रंगाचा डबा आहे. मी आत्ता तिथूनच येतेय. तुमच्या जागी जे आलेत, त्यांनी केबिन उघडून दाखवली.

फाटकवाले : तो होय! तो उंदरांचा.

मॅडम : उंदरांचा?

फाटकवाले : उंदीर पळवायचं यंत्र. मागच्या वर्षी उन्हाळ्यात पुलाचे कठडे रंगवायला माणसं आली होती. त्यांच्या शिड्या, ब्रश, रंगाचे डबे, सगळा पसारा माझ्या केबिनमध्ये. जाताना बाकीचं नेलं, हे तेवढं वरच्या हुकाला अडकवून गेले. मुकादमाला विचारलं, तर म्हणाला, असू द्या, कोणीतरी न्यायला येईल. कोणी आलं नाही. नखाएवढा हिरवा दिवा लुकलुकतो त्याला. मीच आपलं ठरवलं, उंदरांचं असणार.

मॅडम : उंदीर कमी झाले?

फाटकवाले : कुठले! यंत्र चांगलंच असेल. उंदीर बहिरे.

बायको : हसू नका. त्या हसत नाहीयेत.

मॅडम : काका, तो पाण्याचा सेन्सर आहे. पुलाच्या खालून पाण्याची उंची मोजायला बसवला होता, तो. रंगाऱ्यांनी काढला असणार, कठड्याच्या खालचा भाग रंगवताना. परत लावला नाही.

फाटकवाले : ते यंत्र? ज्याच्यावरून माझ्यावर एवढं सगळं चाललंय, ते?

मॅडम : हो.

फाटकवाले : ते माझ्या डोक्यावर टांगलेलं होतं?

बायको : वर्षभर! आणि तुम्ही त्याच्या खाली बसून डबा खात होतात.

फाटकवाले : बसवलं त्या दिवशी माझी सुट्टी होती गं. दुसऱ्या दिवशी सांगितलं, पुलाखाली यंत्र बसवलंय, हात लावायचा नाही. मी कशाला हात लावतोय. वाकून बघितलंसुद्धा नाही कधी. मनात म्हटलं, आता यंत्रच मोजणार, तर मोजू दे... मला जरा राग आला होता, खरं सांगायचं तर.

मॅडम : ते यंत्रासारखं यंत्र. त्याला नदी कळत नाही. तो खाली बघतो आणि खालची वस्तू किती लांब आहे तेवढं सांगतो. पुलाखाली होता तेव्हा खाली पाणी होतं. केबिनमध्ये आणल्यावर फरशी. फरशी लांब, म्हणजे पाणी खोल गेलं, असं तो सांगत राहिला. इंटरनेटवर, दर पाच मिनिटांनी.

फाटकवाले : आणि कोट टांगला की?

मॅडम : कोटाची मान जवळ. म्हणजे पाणी वर आलं.

बायको : अगं बाई! यांच्या कोटाला पूर यायचा.

मॅडम : रोज सकाळी सातला नदी चढायची, संध्याकाळी सातला उतरायची. आठवड्यातला एक दिवस हलायचीच नाही.

फाटकवाले : सुट्टीचा.

मॅडम : नदी सुट्टी घेत नाही. हे माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं. वरच्या अंगाला वीजघर आहे ना, मला वाटलं, ते रोज ठरल्या वेळी पाणी सोडत असतील. आठवडी सुट्टीला सोडत नसतील. कारण इतकं चपखल बसलं, की मी पुढे बघितलंच नाही.

फाटकवाले : तुमच्या लक्षात यायला तुम्ही काय रोज ते बघत बसता?

मॅडम : तेच माझं काम आहे, काका. म्हणजे यादी करायचं. जगात हजार लोकांनी हजार ठिकाणी सेन्सर लावून ठेवलेत. कोणी पाण्याला, कोणी वाऱ्याला, कोणी धुराला. ते सगळे इंटरनेटवर बोलत असतात, पण कोण कुठून बोलतोय याचा एका ठिकाणी पत्ता नाही. आमच्याकडे एक प्रोग्रॅम आहे, तो शोधत फिरतो. नवा सापडला की माझ्यापुढे आणून टाकतो. मग मी त्याचं कार्ड भरते. हा कोणाचा, काय मोजतो, कशात मोजतो, नकाशावर नेमका कुठे. कार्ड पुरं झालं की तो लोकांच्या नकाशावर दिसायला लागतो.

बायको : म्हणजे हरवलेल्या माणसांचं रजिस्टर, तसं.

मॅडम : तसंच. फक्त ही हरवलेली नसतात. त्यांना कोणी विचारलेलं नसतं एवढंच.

फाटकवाले : चांगलं काम आहे की. मग मॅडम, त्या पुराच्या दिवशी तुमच्या नकाशावर काय होतं, ते आता मला कळलं. कोट माझ्या अंगावर होता! पावणेनऊला जो घातला तो दोन वाजून गेल्यावरच काढला.

मॅडम : आठ चाळीस ते दोन पंधरा. खुंटी रिकामी होती. त्यामुळे नकाशावर पाणी सगळ्यात खाली.

फाटकवाले : आणि खाली रस्त्यावर कमरेएवढं. मी बघून आलो होतो ना. पुलाच्या पलीकडच्या तोंडाला साखळी टाकायची, तीसुद्धा मीच टाकून आलो होतो, पाणी चढायच्या आत, धावत. परत येऊन फाटक पाडलं. तेवढ्यात ती गाडी आली. मागच्या सीटवर म्हातारे गृहस्थ, तोंड एका बाजूला ओढलेलं. त्यांचा मुलगा उतरला. मी म्हटलं, साहेब, पूल पाण्याखाली आहे, गाडी वळवा. त्याने फोन माझ्या नाकासमोर धरला. म्हणाला, ह्यात बघा, पाणी रस्त्याच्या दीड मीटर खाली आहे. मी म्हटलं, मी आत्ता डोळ्यांनी बघून आलो. तर म्हणाला, तुमचे डोळे काय नकाशापेक्षा मोठे लागून गेले का?

बायको : पुढचंही सांगा. तोंडाचा वास घेऊन बघितला त्याने यांच्या.

फाटकवाले : जाऊ दे गं. बाप मागे तसा पडलेला. मीही असतो त्याच्या जागी तर फाटक मोडलं असतं. त्याने मोडलं नाही. वळवली गाडी. साठ किलोमीटरचा फेरा पडला. वडील वाचले, पण डावी बाजू गेली. आता लोक म्हणतात, वेळेत पोचले असते तर चालते-फिरते राहिले असते.

मॅडम : पुलावर गेले असते तर पोचलेच नसते.

फाटकवाले : हे तुम्ही म्हणताय. पाणी दीड तासात ओसरलं, पावसाने गाळही धुऊन नेला. साक्षीला आहे कोण? मी आणि नदी. पण आता बरं झालं! डबा सापडला. उद्या साहेबांना सांगायचं, तुमचं यंत्र पुलाखाली नव्हतंच, केबिनमध्ये कोट मोजत बसलं होतं. सुटलो की!

बायको : देवासारख्या आलात हो तुम्ही. थांबा, चहा टाकते.

मॅडम : नको, काकू. बसा. काकू, बसा ना.

फाटकवाले : एक मिनिट. एक मिनिट... नाही. नाही सुटत.

बायको : का नाही?

फाटकवाले : ते एकोणीस नोव्हेंबर.

बायको : अरे देवा.

फाटकवाले : मॅडम, तुम्हाला माहीत असेल. मागच्या चौकशीत साहेबांनी कागद वाचून दाखवला. तुमच्याच ऑफिसची नोंद. ह्या यंत्रापुढे लिहिलंय, ‘जागेवर प्रत्यक्ष पाहिले’, आणि तारीख, एकोणीस नोव्हेंबर. रंगारी गेले मे महिन्यात. म्हणजे रंगारी गेल्यावर सहा महिन्यांनी यंत्र पुलाखाली होतं. तुमच्या माणसाने डोळ्यांनी पाहिलं. मग ते केबिनमध्ये आणलं कोणी?

बायको : यांनीच, म्हणतील.

फाटकवाले : पूर होऊन गेल्यावर, बनाव करायला. आणि डबा माझ्या खुंटीवर सापडला, हे तर आणखी छान. मॅडम, तुम्ही भलं करायला आलात, पण हे माझ्या अंगावरच येणार.

मॅडम : काका—

फाटकवाले : आणि दुसरं असं की, कोणीही पुलावर यायचं तर फाटकावर नाव लिहून खाली जायचं. माझी वही असते. तिच्यात एकोणीस तारखेला कोणाचंच नाव नाही. साहेब म्हणाले, आमचा माणूस येऊन, पूल बघून, निघून गेला आणि तुमच्या वहीत पत्ता नाही. म्हणजे तुम्ही एक तर जागेवर नव्हता, नाही तर झोपला होता. जो माणूस नोव्हेंबरात झोपतो, तो ऑगस्टमध्ये खाली जाऊन पाणी बघून आला, यावर विश्वास कसा ठेवायचा? बिनतोड.

बायको : घरी येऊन दोन दिवस जेवले नाहीत.

फाटकवाले : आधी मी म्हणत होतो, शक्य नाही. मग रोज तो दिवस आठवायला लागलो. इतका आठवला, इतका आठवला, की आता काहीच आठवत नाही. लागला असेल डोळा. दुपारचं जेवण झाल्यावर. वय झालंय.

बायको : मीच म्हटलं, असेल लागला. घरी नाही का बसल्या बसल्या लागत.

फाटकवाले : घरी लागतो तो निराळा... मॅडम, एक विचारू? तुम्ही त्याच ऑफिसातल्या. एकोणीस तारखेला जे कोणी येऊन गेले, ते तुमच्या ओळखीचे असतील ना?

मॅडम : ...हो.

फाटकवाले : पुरुष की बाई?

मॅडम : बाई.

फाटकवाले : बघा, म्हणजे बाई फाटकावरून चालत गेली, आणि मला पत्ता नाही. त्यांना एवढंच विचाराल का, की त्यांनी मला पाहिलं होतं का? मी खुर्चीवर होतो? झोपलो होतो तर तोंड उघडं होतं का? म्हणजे लाजेनेच मरायचं तर पुरतं माहीत तरी असावं.

मॅडम : विचारून... विचारून सांगते.

बायको : त्यांना त्रास नका देऊ हो. त्यांनी त्यांचं काम केलं. उलट झोपलेल्या माणसाला उठवलं नाही, चांगल्या घरच्या असतील.

मॅडम : काकू, मला पाणी द्याल का थोडं?

बायको : तांब्या तुमच्या हाताशीच आहे.

फाटकवाले : आणि आलाच आहात तर आणखी एक. भाच्याने मला अर्ज लिहून दिलाय. उद्या तो द्यायचा आणि सही करायची. त्याच्या ओळखीचे एक आहेत, ते म्हणाले, वाद घालू नका, माफी मागा, निवृत्तीला सात महिने राहिलेत, फार ताणणार नाहीत. तुम्ही शिकलेल्या, जरा नजर घाला. शब्द बरोबर आहेत का ते बघा.

मॅडम : तुम्ही... यावर सही करणार?

फाटकवाले : वाचा तर आधी. मोठ्याने वाचा, हिनेही पुरता ऐकला नाहीये.

मॅडम : ‘मी खाली सही करणार, कबूल करतो की, एकोणीस नोव्हेंबर रोजी आपल्या कार्यालयातील अधिकारी पुलावर येऊन गेले असता, मी कामाच्या जागी झोपलेला होतो. त्याचप्रमाणे पुराच्या दिवशी मी पुलावर जाऊन पाणी पाहिल्याचे सांगितले होते, ते...’

फाटकवाले : थांबलात का? अक्षर लागत नाही?

मॅडम : ‘...ते मी न पाहताच सांगितले. न पाहता पाहिले असे सांगणे हा गुन्हा आहे, याची मला...’

बायको : जाणीव आहे. तिथे ‘नम्र जाणीव’ आहे ना? मी सांगितलं होतं ‘नम्र’ घालायला.

मॅडम : आहे. ‘नम्र जाणीव आहे.’

फाटकवाले : ते वाक्य मलाही लागलं जरा. पण भाचा म्हणाला, त्याच वाक्यावर माफी मिळेल. ...मॅडम? काय झालं?

मॅडम : काका, एकोणीस नोव्हेंबरला कोणी आलं नव्हतं.

फाटकवाले : नोंद आहे ना. तारखेनिशी.

मॅडम : नोंद मी केली.

फाटकवाले : तुम्ही? तुम्ही आला होतात?

मॅडम : नाही. मी आले नव्हते. मी आज पहिल्यांदा तुमचा पूल पाहिला. सकाळी, साडेअकराला.

(शेजारच्या अंगणात कोणीतरी सायकलमध्ये हवा भरतंय, तेवढाच आवाज.)

बायको : मला नाही कळलं. परत सांगा.

मॅडम : कार्डावर एक रकाना असतो. जागेवर प्रत्यक्ष पाहिले, हो की नाही, आणि तारीख. तो भरल्याशिवाय कार्ड पुरं होत नाही. हो म्हटल्याशिवाय सेन्सर नकाशावर येत नाही. माझ्याकडे दोनशे बारा कार्डं अडकून पडली होती. जायला गाडी नव्हती, माणूस नव्हता. वरून विचारणा होत होती, यादी कधी पुरी होणार. मी उपग्रहाच्या फोटोत एकेक जागा बघितली. पूल दिसला, की म्हटलं, पूल आहे म्हणजे सेन्सरही असेल. आणि हो केलं.

बायको : आणि तारीख?

मॅडम : तारखा मी घातल्या.

बायको : कुठल्या? मनाच्या?

मॅडम : हो. एकाच दिवसाची सगळ्यांना घातली असती तर खोटं दिसलं असतं. म्हणून दोन महिन्यांत पसरल्या. दिवसाला चार-पाच. जवळजवळची गावं एका दिवशी. सुट्ट्या वगळल्या.

बायको : सुट्ट्या वगळल्या!

मॅडम : नीट केलं मी ते, काकू. माझं काम नीटच असतं. मला त्या यादीबद्दल शाबासकीही मिळाली. ‘एकही रकाना रिकामा नाही’ असं त्यात लिहिलंय. चौकटीत घालून दिलीय, माझ्या टेबलावर आहे.

बायको : आणि मघाशी यांनी विचारलं, बाई कोण, तेव्हा तोंडात बोळा होता का? विचारून सांगते म्हणे! कोणाला विचारणार होतात, आरशाला?

मॅडम : मला वाटलं, आधी डब्याचं सांगावं. तेवढ्यानेच काका सुटले, तर दुसरं सांगायला लागणारच नाही. येताना गाडीत हाच हिशेब मनात होता.

बायको : अहो, ऐकताय ना? तुम्ही काहीतरी बोला. मी एकटीच तडतडतेय.

फाटकवाले : म्हणजे एकोणीस तारखेला फाटकावरून कोणी गेलंच नाही.

मॅडम : नाही.

फाटकवाले : म्हणून वहीत नाव नाही.

मॅडम : म्हणूनच नाही. तुमची वही बरोबर आहे.

फाटकवाले : पण मी झोपलो नव्हतो, हे काही त्यावरून होत नाही. कोणी आलं नाही तरी माणूस झोपू शकतो.

मॅडम : तेही आहे माझ्याकडे. मी काल दिवसभर त्या दिवसाचे आकडे काढत बसले होते, त्यांत तुमचा कोट आहे हे आज कळलं. एकोणीस नोव्हेंबर. सहा पंचावन्नला कोट खुंटीवर आला. दहा वाजून पाच मिनिटांनी निघाला, पंचवीस मिनिटांनी परत आला. मग एक वाजता निघाला. मग चारला.

फाटकवाले : एकला?

मॅडम : एकला. जेवणानंतर. एक वीसला परत. पाच मिनिटांचा फरक धरा इकडे तिकडे.

फाटकवाले : चढ आहे ना तो. उतरायला सात मिनिटं, चढायला दहा. मधे पाणी बघायचं... हो, वीस-पंचवीस होतात. आणि चारला परत?

मॅडम : चारलाही. आणि तो एकच दिवस नाही, काका. पंधरा महिन्यांचे आकडे आहेत. तुम्ही एकही फेरी चुकवलेली नाही. जानेवारीत एकदा दोन तास उशीर झालाय.

बायको : तेव्हा ताप होता यांना. जाऊ नका म्हटलं होतं मी.

फाटकवाले : म्हणजे मी जागा होतो.

मॅडम : तुम्ही जागे होतात.

फाटकवाले : अगं... ऐकलंस का?

बायको : ऐकलं.

फाटकवाले : महिनाभर मी स्वतःलाच विचारतोय. रात्री हिला उठवून विचारलंय, मी घोरतो का गं बसल्या बसल्या? आणि ही म्हणायची...

बायको : काय म्हणायची ते मला माहीत आहे. ते यांच्यासमोर नका काढू. ते आपण दोघं बघू.

फाटकवाले : बरं.

बायको : अर्ज इकडे द्या तो. मीच मागे लागले होते, सही करा, सही करा. ‘नम्र’ म्हणे! ...मॅडम, तुमचं वय काय?

मॅडम : चौतीस.

बायको : आईवडील आहेत?

मॅडम : आई आहे.

बायको : तिला माहीत आहे?

मॅडम : नाही. कोणालाच नाही. तुम्ही पहिल्या.

बायको : तुमची नोकरी जाईल?

मॅडम : जाईल बहुतेक. नाही गेली तरी यादी माझ्याकडे राहणार नाही.

फाटकवाले : आणि बाकीची दोनशे अकरा?

मॅडम : ती सगळी ‘न पाहिलेली’ करायला लागतील. नकाशावरून निघून जातील. मग कोणीतरी एकेक ठिकाणी जाऊन बघेल.

फाटकवाले : तिथेही कोणी असेल माझ्यासारखा. तुमच्या एखाद्या तारखेला झोपलेला.

मॅडम : मी तोच विचार करते. मला माहीत नाही, काका. हे मला आता कधी कळेल असंही नाही.

फाटकवाले : हं.

बायको : तुम्ही हं म्हणून सोडून देऊ नका हो! हा माणूस असाच आहे. त्याच्या पायावरून गाडी गेली तरी म्हणेल, चाक मऊ होतं. मी नाही सोडणार. मॅडम, उद्या अकराला चौकशी आहे. तुम्ही येणार?

मॅडम : येणार.

बायको : इथे चटईवर बसून येणार म्हणणं सोपं आहे. तिथे टेबलापलीकडे तुमचेच साहेब असतील. त्यांच्यासमोर जीभ टाळ्याला चिकटली तर? काय बोलणार आहात, ते आत्ता म्हणून दाखवा.

मॅडम : आत्ता?

बायको : आत्ता. मी साहेब. बोला.

मॅडम : सर, सदर सेन्सरच्या नोंदीमध्ये प्रत्यक्ष पडताळणीच्या संदर्भात काही त्रुटी राहून गेल्याचं निदर्शनास आलं आहे.

बायको : अहो, तुम्हाला कळलं काही?

फाटकवाले : नाही. पण मागच्या वेळी तिथे सगळे असंच बोलत होते.

बायको : त्रुटी म्हणजे काय?

मॅडम : चूक.

बायको : राहून गेली म्हणजे? वाटेत पिशवी राहते तशी?

मॅडम : नाही.

बायको : मग केली कोणी?

मॅडम : मी.

बायको : आणि ती चूक होती?

मॅडम : ...नाही. चूक नव्हती. मला माहीत होतं.

बायको : मग असं बोला.

मॅडम : सर, त्या पुलाची पडताळणी झालेली नाही. नोंद—

बायको : झालेली नाही! आपोआप?

फाटकवाले : अगं, जरा दमाने घे. त्यांना श्वास घेऊ दे.

बायको : घेऊ दे की. गेला महिनाभर तुम्हाला कोणी घेऊ दिला नाही. ...सावकाश बोला, मॅडम. घाई नाही. आणि माझ्याकडे बघून नका बोलू, माझ्या डोळ्यांत राग आहे. यांच्याकडे बघून बोला.

मॅडम : मी गेले नव्हते. न जाता, गेले असं लिहिलं. तारीख मी मनाने घातली. त्या दिवशी हे जागे होते.

फाटकवाले : शेवटचं ऐकू येणार नाही, मॅडम. त्या खोलीतला पंखा फार आवाज करतो. परत म्हणा.